खाल्ल्या घरचे वासे

गेल्या सप्टेंबरात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीच्या जेवणाची वाटणी चालली होती. कुणी उकडीचे मोदक घेतले होते, कुणी मसालेभात, आणि नेहमीप्रमाणे पेपर प्लेट आणायला सहा जण तयार होते. तेवढ्यात कुणीतरी एक फोटो टाकला. सोरोरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेच्या, घरातली बैठकीची खोली, गालिच्यावर गोल करून बसलेल्या नऊ मुली, प्रत्येकीच्या मांडीवर उघडं बायबल, आणि डावीकडून तिसरी माझी सख्खी भाची. माझी बहीण न्यूजर्सीत असते, ती या ग्रुपवर नाही. तिच्यापर्यंत फोटो पोचायला मात्र अकरा मिनिटं लागली. "अगं, हिला बाटवतायत का तिकडे?" हे तिचं पहिलं वाक्य. "आणि तू ओहायोत बसून काय करतेयस?" हे दुसरं.

रात्रीपर्यंत ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, हा सरळ धर्मांतराचा कावा आहे, कोवळ्या पोरी हेरून जाळं टाकतात. दुसऱ्याचं म्हणणं, दारू पिऊन कुणाच्या तरी तळघरात पडण्यापेक्षा बायबल वाचलेलं काय वाईट? गंमत म्हणजे अमेरिकनांचा आपसातला वादही याहून फार वरच्या पातळीवर चालत नाही. फ्रॅटर्निटी (मुलग्यांची तशीच संघटना) आणि बायबल? निव्वळ ढोंग, असं एक बाजू म्हणते. अंधारातच दिवा लावायचा असतो, असं दुसरी म्हणते. चारही पक्ष एकाच गोष्टीवर भांडताहेत: त्या गालिच्यावर बसलेल्या मुलीच्या मनाचं काय होणार? ज्या घरात तो गालिचा अंथरलाय त्या घराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. विद्यार्थ्यांच्या घरात बायबल अभ्यास चालावा, त्याला आडकाठी करणं चूक आहे. पण बायबल अभ्यास घेणाऱ्या ज्या धर्मसेवकांना फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या घरात पाऊल ठेवायला मिळतं, त्यांनी त्या घराचा पाहुणचार घेऊन घराच्या पापांवर पांघरूण घालणं ही त्याहून मोठी चूक आहे. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आपल्याकडे शिकवतात. इथे वासे मोजणं हेच त्यांचं काम आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं, अशी माझी तक्रार आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या या विद्यार्थी संघटना. मुलग्यांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. स्वतःचं घर, स्वतःची गुप्त शपथ, भिंतीवर दर वर्षीच्या सदस्यांच्या लंबगोल फोटोंची मोठी चौकट. सत्राच्या सुरुवातीला 'रश' होतो. उमेदवार मुली घरोघर फिरतात, घरातल्या मुली त्यांना जोखतात, आणि शेवटी आमंत्रण येतं किंवा येत नाही. मग नव्या भरतीचे काही आठवडे, त्यात एक 'मोठी बहीण' नेमून दिलेली. सोरोरिटींच्या राष्ट्रीय परिषदेत २६ संघटना आहेत आणि त्यांच्या बहुतेक घरांत दारू चालत नाही. म्हणजे पार्टी नेहमी मुलग्यांच्या घरी, दारावर उभा मुलगा, आणि आत कोण जाणार ते ठरवणाराही तोच. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पहिला गैरसमज असा की धर्म या घरांत बाहेरून घुसवला जातोय. अहो, घरं बांधलीच मुळी त्या विटांनी. अल्फा टाऊ ओमेगा ही फ्रॅटर्निटी यादवी युद्ध संपल्या संपल्या, १८६५ साली निघाली; संस्थापकांपैकी ओटिस ग्लेझब्रुक पुढे पाद्री झाला. सिग्मा काय ही १८५५ ची, ओहायोतल्या मायामी विद्यापीठातली. तिचं पदक म्हणजे शुभ्र क्रूस, आणि ब्रीदवाक्य ख्रिस्ती झालेल्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या दृष्टांतातलं. कित्येक घरांत 'चॅप्लेन' (प्रार्थना सांगणारा) हे निवडून दिलेलं पद आजही असतं. निवडून येणाऱ्याचा देवाशी संबंध असेलच असं नाही. आणि ही घरं ख्रिस्ती होती म्हणजे कोणासाठी बंद होती, तेही पाहा. ज्यू मुलांना दारं बंद, म्हणून झीटा बीटा टाऊ उभी राहिली. कृष्णवर्णीयांना बंद, म्हणून १९०६ साली कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा. प्रार्थनेनं सभा सुरू करायची आणि दारात उभ्या असलेल्याचा रंग पाहून दार लावायचं, या दोन गोष्टी एकाच घरात दीडशे वर्षं सुखानं नांदल्या. त्यामुळे 'बायबल आलं की घर सुधारेल' ही आशाही तितकीच भाबडी आहे. बायबल आधीपासून तिथेच होतं, कपाटात.

संघटित धर्मसेवा आली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. बिल ब्राइट नावाच्या, मिठाईच्या धंद्यातल्या तरुणानं १९५१ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात 'कँपस क्रूसेड फॉर ख्राइस्ट' सुरू केलं; आज ती संस्था 'क्रू' नावानं चालते. तिच्या अगदी सुरुवातीच्या बैठकांपैकी एक सोरोरिटीच्या घरात भरली होती. हा योगायोग नव्हता. खेळाडू, विद्यार्थी नेते, ग्रीक घरांतली वजनदार मुलं, यांना आधी गाठा. ती आली की बाकीचा कळप मागून येईल, असा साधा हिशेब होता. इंटरव्हर्सिटी ही दुसरी मोठी संस्था, १९४१ पासूनची. तिचीही ग्रीक घरांसाठी वेगळी शाखा आहे. काम करणारे बहुधा पंचविशीतले, कधीकाळी स्वतः त्याच घरांत राहिलेले. 'क्रू'सारख्या संस्थेत पगार ज्याचा त्यानं उभा करायचा: आपल्या चर्चकडून, आत्या-काकांकडून, शाळेतल्या शिक्षकांकडून. दर महिन्याला पंचवीस-पन्नास डॉलर देणारी चाळीस-पन्नास माणसं जोडायची. आपल्याकडे वार लावून शिकणारी मुलं असत, त्याच जातीची ही कमाई. तिला मी हसत नाही. असं जगायला खरोखर कस लागतो.

आता माझ्या विरुद्ध बाजूचे जे मुद्दे वजनदार आहेत ते आधी मान्य करते.

पहिला हक्काचा. १९८१ साली विडमार विरुद्ध व्हिन्सेंट या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक असा निर्णय दिला: सरकारी विद्यापीठ इतर विद्यार्थी गटांना खोली देत असेल तर धार्मिक गटाला नाकारू शकत नाही. आमच्या ग्रुपवरच्या "हे बंदच केलं पाहिजे" म्हणणाऱ्या मंडळींना एवढंच विचारायचंय, आपली मुलं विद्यापीठाच्या हॉलमध्ये दिवाळी करतात, गणपतीची आरती म्हणतात, ते कुठल्या आधारावर? आयोवा विद्यापीठाचं प्रकरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. नेतृत्व आपल्याच धर्माच्या माणसाकडे असावं, असा नियम ठेवला म्हणून विद्यापीठानं २०१८ साली इंटरव्हर्सिटीची मान्यता काढली. त्याच झाडूनं शीख आणि मुस्लिम विद्यार्थ्यांचे गटही झाडले गेले. आणि केवळ पुरुषांना किंवा केवळ बायकांना घेणाऱ्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी मात्र शाबूत राहिल्या; लिंगभेदाच्या कायद्यातून त्यांना १९७४ पासून सवलत आहे. २०२१ मध्ये अपील न्यायालयानं विद्यापीठाला फैलावर घेतलं, आणि योग्यच केलं. मुलगी नको म्हणणारी फ्रॅटर्निटी चालते आणि आपला म्होरक्या शीख असावा म्हणणारे शीख चालत नाहीत, हे कुठलं तर्कशास्त्र?

दुसरा मुद्दा मायेचा. फोटोनंतर तीन आठवड्यांनी मी भाचीला भेटायला गेले. पालकांसाठीचा शनिवार-रविवार होता. घराची देखरेख करणारी साठीची बाई, तिला सगळ्या 'हाउस मॉम' म्हणतात, तिनं मला लेमोनेड दिलं. भाचीच्या खोलीत पलंगाखाली अजून न उघडलेला लाडवांचा डबा होता आणि उशाशी बायबल, कव्हरवर सोरोरिटीची ग्रीक अक्षरं भरलेली. आतल्या ओळी तीन रंगांच्या हायलायटरनं रंगवलेल्या. गुलाबी म्हणजे वचन, पिवळा म्हणजे आज्ञा, हिरव्याचा अर्थ ती विसरली होती. मी विचारलं, का जातेस गं? ती म्हणाली, "माऊ, पहिल्या सहा आठवड्यांत मला 'कशी आहेस' विचारून उत्तर ऐकायला थांबलेली ती एकच मुलगी होती." ती म्हणजे बुधवारचा अभ्यास घेणारी, पिझ्झा घेऊन येणारी. अठरा वर्षांच्या मुलीचा एकटेपणा हा कावा नसतो. जिथे ऊब मिळाली तिथे ती बसली. ती जागा आपण रिकामी ठेवली होती, यात चूक कुणाची?

पिझ्झ्यावरून आठवलं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी चहाला जमली, आणि त्या कपभर चहानं पुण्यात केवढा गहजब झाला! ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, प्रायश्चित्तं. आज कुणाला त्या चहाचं काही वाटत नाही, पण आमच्या ग्रुपवरची भाषा मला थेट तीच वाटली. पेपरोनीचा तुकडा खाल्ला की धर्म गेला.

धर्मांतराच्या भीतीला मात्र इतिहास आहे आणि तो मी थट्टेवारी नेणार नाही. मुंबईत १८३९ साली पाद्री जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि बहुसंख्य पालकांनी आपली मुलं शाळेतून काढली. चारच वर्षांनी शेषाद्री बंधूंचं धर्मांतराचं प्रकरण झालं. धाकटा श्रीपत अल्पवयीन म्हणून न्यायालयानं वडिलांच्या हवाली केला, त्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी जिवाचं रान केलं आणि सनातन्यांचे शिव्याशाप खाल्ले. त्या पालकांचा धसका खरा होता, कारण तिथे पाद्र्याच्या हाती शाळा होती, इंग्रजी होतं, पुढची नोकरी होती आणि पाठीशी राज्यकर्त्याचा रंग होता. माझ्या भाचीच्या बाबतीत यातलं काय आहे? बुधवारच्या त्या मुलीकडे ना तिचे गुण आहेत, ना तिचा व्हिसा. भाचीला व्हिसा लागतच नाही. तिला उठून जायचं असेल तर जिना चढून स्वतःच्या खोलीत जावं लागेल, एवढंच.

पण थांबा, 'एवढंच' म्हणताना मी चुकतेय. जिना चढून जाणं त्या घरात सोपं नसतं, आणि इथेच दुसऱ्या तटाच्या विचारातली फट आहे. बोलावणारी कोण? बहुतेकदा नेमून दिलेली मोठी बहीण. घरातली पदं, पार्टीला कोण कुणाबरोबर जाणार, पुढच्या वर्षी चांगली खोली कुणाला, हे सगळं ठरवणाऱ्या मुलींचा गोतावळा आणि बुधवारचा गोल यांत बरीच नावं सामाईक असतात. कुणी सक्ती करत नाही. सक्तीची गरजच नसते. जिथे आपलेपणा हा रेशनिंगवर मिळणारा माल आहे, तिथे 'यायचं तर ये' या वाक्याचा अर्थ बाहेरच्या जगातल्यासारखा राहत नाही. याचा दोष मी बायबलला देत नाही. दोष त्या घराच्या रचनेचा आहे. पण त्या रचनेचा फायदा होतोय हे माहीत असून तो घेत राहणं, हा दोष धर्मसेवेचाच.

आणि खरी विसंगती पुढेच आहे. त्या मुली जे पुस्तक वाचतात त्यात याकोबाचं पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात असं: तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्यांचा माणूस आला आणि त्याच वेळी फाटक्या वस्त्रांतला एक गरीब आला, पहिल्याला तुम्ही म्हणालात, या, इथे नीट बसा, आणि दुसऱ्याला म्हणालात, तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस, तर तुम्ही पक्षपात केलात. याहून नेमकं रशचं वर्णन मी तरी वाचलेलं नाही. रशच्या आठवड्यात मुलींचे कपडे, दागिने, वडिलांचा धंदा, आई कुठल्या घरची, सगळं जोखलं जातं आणि मग ठरतं कुणाला आत नीट बसवायचं. बुधवारी याकोब आणि गुरुवारी यादी! ग्रीक घरांत फिरणाऱ्या धर्मसेवकानं या अध्यायावर एक अख्खं सत्र घालवायला हवं. पण ज्या संस्थेनं आपला कामाचा नकाशाच 'आधी वजनदार मुलांना गाठा' असा आखला, तिनं हा अध्याय मोठ्यानं कसा वाचावा? आधी अंगठीवाल्याला गाठा, हीच तर याकोबानं सांगितलेली चूक.

अलाबामा विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १९६३ साली तिथे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी केंद्र सरकारच्या बळावर आत गेले. पण परंपरेनं गोऱ्या असलेल्या सोरोरिटींची दारं त्यानंतर पन्नास वर्षं जवळजवळ बंदच होती. सप्टेंबर २०१३ मध्ये 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्रानं बातमी छापली: उत्तम गुण, उत्तम घराणं असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला एकाही घरानं घेतलं नाही, आतल्या काही मुलींना ती हवी होती, पण जुन्या सदस्य बायकांनी मोडता घातला. हे त्या मुलींनीच सांगितलं. देशभर बोंब झाली, विद्यापीठानं भरती पुन्हा उघडली आणि काही कृष्णवर्णीय मुलींना आमंत्रणं गेली. अलाबामा म्हणजे देवभोळ्या दक्षिणेचं काळीज. त्या घरांत बायबल वाचणाऱ्या मुलींची वानवा होती असं कुणी म्हणणार नाही. तरी कुलूप उघडलं ते बातमीदाराकडे जाऊन बोलण्याचं धाडस केलेल्या मुलींनी. त्यांतल्या कुणी बायबल वाचतही असतील, आणि वाचूनच धीर आला असेल, तर मला आनंदच आहे. माझं म्हणणं तेच आहे: वाचनाची परीक्षा तिथे होते.

दुसरा वासा हेझिंगचा. नव्या पोरांना छळून, पाजून, अपमान करून 'भाऊ' बनवण्याची रीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पायच्या घरी भरतीच्या रात्री एकोणीस वर्षांचा मुलगा अतोनात दारू पाजल्यावर तळघराच्या जिन्यावरून पडला. मदतीसाठी फोन गेला तो जवळजवळ बारा तासांनी. मुलगा वाचला नाही. त्या घरात दारूबंदीचा नियम होता, कॅमेरेही होते. तासन्‌ तास तो कसा पडून होता ते कॅमेऱ्यांनी टिपलं. योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि सांगतो, मी गुरू असून हे केलं, तुम्हीही एकमेकांचे धुवा. फ्रॅटर्निटीत हे चित्र नेमकं उलटं टांगलेलं असतं: नवा पोरगा मोठ्यांच्या ओकाऱ्या पुसतो, आणि वर्षानं तोच दुसऱ्याकडून पुसून घेतो. तेरावा अध्याय वाचून झाल्यावर ज्याला हे दिसत नाही त्यानं नक्की काय वाचलं?

इथे धर्मसेवकांचं सर्वांत बळकट उत्तर येतं, आणि ते मी अनेकदा विचारात घेतलंय. ते म्हणतात, बाहेरून दगड मारणारे पुष्कळ आहेत. आम्ही आत बसतो म्हणून मुलं आमच्याशी बोलतात. पहिल्याच दिवशी घराच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या तर दार बंद होईल आणि मग त्या एकट्या मुलीला कोण विचारणार? आधी माणसं बदलतील, मग घर बदलेल.

यावर मला आपलीच परमहंस सभा आठवते. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी काढलेली ही गुप्त मंडळी. जातिभेद मोडायचा, पण चोरून. आत यायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवायचा. दीक्षाविधीच म्हणा की! पुरेशी संख्या झाली की उघडं व्हायचं, असा बेत होता. ती वेळ आलीच नाही. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, नावं फुटणार म्हणताच एकेक वीर घरी जाऊन बसला आणि सभा संपली. दारामागे पाव खाणारा माणूस दाराबाहेर जातच पाळत राहिला, तर त्या पावाचा उपयोग काय? १८६७ साली प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला. लोकांचे टोमणे खाल्ले, पण टिकला. 'आधी आतून, मग बाहेर' या योजनेतलं 'मग' कधी येतं, हे सांगायची जबाबदारी योजनाकर्त्यांवर असते. ग्रीक घरांत बायबल वाचायला लागून सत्तर वर्षं उलटली.

उलट उदाहरणही आहे आणि त्याचं एक टोक आपल्याकडेच येतं. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजातली पाच मुलं प्रार्थनेला माळावर गेली असताना वादळ आलं, ती गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथे परदेशी मिशनची कल्पना निघाली. दोन वर्षांनी त्यांतल्या काहींनी एक गुप्त मंडळी काढली. तिची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती. म्हणजे फ्रॅटर्निटीचंच बियाणं. पण यांची शपथ घराबाहेर जाण्याची होती. त्या वर्तुळातून १८१० साली अमेरिकन मिशन बोर्ड निघालं आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल मुंबईत उतरला. कंपनी सरकार त्याला परत पाठवायला निघालं होतं, तो हटला नाही. त्यातून अमेरिकन मराठी मिशन, मुलींच्या शाळा, अहमदनगर, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक. पुढे १८८६ साली अमेरिकेत शंभर विद्यार्थ्यांनी मिशनसाठी नावं दिली आणि विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ पेटली; तिचा मुख्य चेतवणारा रॉबर्ट वायल्डर हा जन्मानं कोल्हापूरकर, १८६३ चा. त्याच्या वडिलांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च कोल्हापुरात उभं आहे. या लोकांच्या धर्मांतराच्या हेतूशी माझं भांडण आहे, आणि ते मी कुठल्याही नगरच्या ख्रिस्ती मैत्रिणीसमोर करू शकते. पण त्यांच्या श्रद्धेनं त्यांना आपल्या कॉलेजच्या उबेतून उठवलं, हे नाकारता येत नाही. आजचा बुधवारचा गोल कुणाला उठवतो?

आणखी एक पळवाट निघालीय, वेगळं घर बांधण्याची. १९२७ साली लॉस एंजेलिसला अल्फा गॅमा ओमेगा, १९८५ साली टेक्सासला बीटा अप्सिलॉन काय; केवळ ख्रिस्ती मुलांच्या फ्रॅटर्निटी. त्यांना तो हक्क आहे. पण वेगळं घर म्हणजे निर्मळ घर नव्हे, हे आपण आशियाईंनी तरी ओळखायला हवं. गोऱ्या घरांत उपरेपणा वाटतो म्हणून आपल्या मुलांनी १९९० च्या दशकात दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटी काढल्या, चिनी-कोरियन मुलांनी आपल्या. २०१३ च्या डिसेंबरात पाय डेल्टा साय या आशियाई फ्रॅटर्निटीच्या भरतीत न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा एक पोरगा मारहाणीत गेला आणि २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयात संघटनेवरच सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला. छळाला रंग नाही, पंथ नाही. त्याला बंद दार आणि शपथ एवढंच लागतं.

कृष्णवर्णीयांच्या घरांत धर्म आणि बंधुत्व यांची गाठ निराळी बसली. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ साली बॉस्टनला असताना अल्फा फाय अल्फात गेले. त्या संघटनेनं १९३० च्या दशकापासून मतदानाच्या हक्काची मोहीम चालवली होती. प्रार्थना आणि मतदार यादी एकाच टेबलावर. त्यांच्याकडेही हेझिंगचे कलंक आहेत, ते मी लपवत नाही. पण बंधुत्वाची शपथ घराबाहेरच्या अन्यायाशी जोडता येते, हे त्यांनी दाखवलं.

मग मागायचं काय? फार मोठं काही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये हेझिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला. आता विद्यापीठांना कुठल्या संघटनेनं काय केलं ते संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. धर्मसेवेनं आपल्या प्रत्येक गटाला सत्राच्या पहिल्या बैठकीत सांगावं: इथे सांगितलेलं मनातलं दुःख इथेच राहील, पण कुणाला छळल्याचं कळलं तर आम्ही ते कळवणार, मग घराचं दार आमच्यासाठी बंद झालं तरी चालेल. रशच्या आधीच्या आठवड्यात याकोबाचा दुसरा अध्याय वाचावा. मोठी बहीण आपल्या धाकटीला अभ्यासाला बोलावणार नाही, असा नियम करावा. आणि आमच्या ग्रुपवरच्या आई-बापांनी बायबलचा फोटो पाहून गळा काढण्याआधी मुलाला विचारावं, तुझ्या घराचं नाव त्या जाहीर यादीत आहे का? ही यादी उघडायला दोन मिनिटं लागतात. आमच्या बहात्तर जणांच्या ग्रुपात ती तिघांनी उघडली होती.

त्या शनिवारी बुधवारवाली मुलगी मला भेटली. चोवीस वर्षांची, पायांत सपाता, हातात बर्फाळ कॉफी, चेहऱ्यावर खरंखुरं अगत्य. मी विचारलं, तुझ्या गटातल्या मुलीनं उद्या सांगितलं की नव्यांना रात्रभर जागवून भिंतीशी उभं केलं, तर तू कुणाला फोन करशील? ती गडबडली. म्हणाली, आधी तिच्यासाठी प्रार्थना करीन. मग कॉफीतला बर्फ हलवत राहिली. मग म्हणाली, "हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी विचारलं नव्हतं." हे प्रामाणिक उत्तर होतं. मी तिला याकोबाचा दुसरा अध्याय सुचवला. एका हिंदू मावशीनं बायबल सुचवावं याची तिला गंमत वाटली असावी.

जानेवारीत भाचीचा मेसेज आला. अध्याय वाचला म्हणे. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भरती समितीवरची एक सीनिअर म्हणाली, "म्हणजे आपण गुण देतो तसंच ना हे?" त्यावर दुसरी म्हणाली, याचा संबंध त्याच्याशी जोडू नका, आणि पाणी आणायला म्हणून उठली ती परत आलीच नाही. पुढच्या बुधवारी नऊऐवजी सहा जणी होत्या. भाचीनं खाली लिहिलं होतं, "माऊ, ती यादीची लिंक परत पाठव ना."